फॉरेनर, एलियन, एक्सपॅट, ओव्हरसीज: 'परदेशी' माणसासाठी इंग्रजीत कुठे कोणता शब्द?

अक्कलकोटरोड

मंडळी, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघतो. पुढच्या महिन्यात माल बघायला तीन पाहुणे येतायत. एकाचा पासपोर्ट जर्मन, मुक्काम दुबईत, आईवडील मूळचे तुर्कस्तानचे. दुसऱ्या बाई गुजराती घरातल्या, पासपोर्ट ब्रिटिश, जवळ ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते). तिसरा काठमांडूचा.

गेटवर बॅनर लावायचाय, व्हिसासाठी निमंत्रणपत्र द्यायचंय आणि आमच्या शेठना स्वागताच्या चार ओळी इंग्रजीत लिहून द्यायच्यात. डीटीपीवाल्याकडून बॅनरचा मसुदा आला, त्यात 'वेलकम टू अवर फॉरेनर गेस्ट्स' असं आहे. मला ते खटकतंय. ऑफिसात कुणी म्हणतं 'फॉरेन गेस्ट्स' करा, कुणी 'ओव्हरसीज', कुणी 'इंटरनॅशनल'. डिक्शनरी उघडली तर सगळ्यांपुढे 'परदेशी, परकीय' एवढंच. इंग्रजी बोलणाऱ्याला यात काय फरक ऐकू येतो? एलियन, एक्सपॅट, इमिग्रंट हेही आलं तर चांगलंच, आमच्या कागदपत्रांत हे सगळे शब्द भेटतात.

मीरा_जुळेसोलापूर

फार चांगला विषय. कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे यावर सविस्तर लिहिणारच.

आधी बॅनर. 'फॉरेनर' हे नाम आहे, विशेषण 'फॉरेन'. म्हणून 'फॉरेनर गेस्ट्स' व्याकरणातच अडतं. आपली गडबड अशी होते की मराठीत 'फॉरेन' हे एखाद्या गावासारखं वापरतो: 'त्याचा मुलगा फॉरेनला असतो'. इंग्रजीत 'फॉरेन' म्हणजे ठिकाण नव्हे. तिथे 'ही लिव्ह्ज अब्रॉड' म्हणायचं. 'गोइंग टू अब्रॉड' हेही नाही, 'अब्रॉड'च्या आधी 'टू' लागत नाही.

पण व्याकरण सुधारलं तरी सूर उरतोच. 'फॉरेनर' हा शिवीगाळीचा शब्द नाही, कायद्यातही आहे. तरी पाहुण्याच्या तोंडावर 'यू आर अ फॉरेनर' म्हटलं की त्याला ऐकू येतं 'तू आमच्यातला नाहीस'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'दाराबाहेर' असा आहे. नाम माणसावर शिक्क्यासारखं बसतं, विशेषण त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगून बाजूला होतं. 'फॉरेनर्स केम टू अवर फॅक्टरी' आणि 'व्हिजिटर्स फ्रॉम अब्रॉड केम टू अवर फॅक्टरी' यांत माहिती तीच आहे, पण दुसऱ्या वाक्यात माणसं आधी पाहुणे आहेत, मग परदेशची. 'फॉरेनर्स'च्या आधी 'द' किंवा 'दीज' लावलं, 'दीज फॉरेनर्स', की सरळ तक्रारीचा सूर लागतो. वर्गात मी हे मोठ्याने वाचून दाखवते, तेव्हा मुलांना पटकन कळतं.

'ओव्हरसीज' व्यापारात चालतं आणि सौम्यही आहे. 'ओव्हरसीज बायर्स' कुणाला बोचत नाही. पण शब्दात समुद्र आहे. काठमांडूचा पाहुणा कोणता समुद्र ओलांडून येणार? नेपाळच्या माणसाला 'ओव्हरसीज' म्हणू नका. 'इंटरनॅशनल गेस्ट्स' तिघांनाही बसेल. विद्यापीठांनीही 'फॉरेन स्टुडंट' मागे टाकून 'इंटरनॅशनल स्टुडंट' घेतलं ते याच कारणाने. 'फॉरेन' म्हटलं की एक बाजू घरातली आणि दुसरी बाहेरची ठरते, 'इंटरनॅशनल'मध्ये दोन्ही बाजू सारख्या राहतात.

भीमाकाठ

ताई, मान्य, पण एवढं बारीक कोण बघतं? समोरच्याला अर्थ पोचल्याशी कारण. आमच्या मंगळवेढ्यात पाहुणा आला की 'फॉरेनर आला' म्हणतात, तोही हसून हात मिळवतो.

मीरा_जुळेसोलापूर

भीमाकाठ दादा, तोंडी बोलताना चेहरा असतो, हसू असतं, चहा असतो. कागदावर आणि बॅनरवर यातलं काही नसतं, तिथे शब्दच सगळं काम करतात. आणि कागद सरकारी असेल तर शब्दावर माणसाचा हक्क ठरतो. त्याबद्दल इथे कुणी जाणकार असेल तर लिहा.

लॉजवाला_नवीपेठ

मी लिहितो, कारण आम्हाला हे रोज लागतं. सोलापुरात मुक्काम करून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणारे पुष्कळ. त्यात परदेशी पासपोर्टवाला असेल तर चोवीस तासांत माहिती ऑनलाइन कळवावी लागते, आम्ही त्याला सी फॉर्म म्हणत आलोय.

इथे 'फॉरेनर' शब्दाला भावना वगैरे काही नाही. जो भारताचा नागरिक नाही तो फॉरेनर. हीच व्याख्या 1946 च्या फॉरेनर्स अ‍ॅक्टमध्ये होती. आता त्याच्या जागी 2025 चा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट आलाय. काउंटरवर असं होतं की अमेरिकन पासपोर्टचे काका अस्सल सोलापुरी बोलतात, कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागतात, स्वामींचे भक्त असतात, आणि कागदावर फॉरेनर असतात. दुबईत जन्म काढलेला माणूस भारतीय पासपोर्ट दाखवतो, तो नाही. बोली, रंग, कपडे यांचा काही संबंध नाही, पासपोर्ट बघायचा. नवीन पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवतो, नाहीतर गोरा दिसला की फॉर्म भरतात आणि आपल्यासारखा दिसला की सोडून देतात.

तुमच्या गुजराती बाईंचं लक्षात घ्या. ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'. नावात सिटिझन आहे, पण त्या भारताच्या नागरिक नाहीत. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण भारतात यायला त्यांना व्हिसा लागत नाही, म्हणून त्यांना निमंत्रणपत्राची गरज नाही. नेपाळच्या नागरिकालाही व्हिसा नाही. तुमचं पत्र फक्त त्या दुबईवाल्यासाठी.

अक्कलकोटरोड

हे उत्तम झालं, दोन पत्रं लिहायचं काम वाचलं. एनआरआय आणि फॉरेनर यांतही लोक गल्लत करतात ना?

लॉजवाला_नवीपेठ

पुष्कळ. एनआरआय म्हणजे नॉन-रेसिडेंट इंडियन. तो इंडियनच आहे, फक्त इथे राहत नाही. 'नॉन-रेसिडेंट' राहण्याबद्दल बोलतं, 'फॉरेनर' नागरिकत्वाबद्दल. बँकेत आणि इन्कम टॅक्समध्ये राहणं महत्त्वाचं, म्हणून तिथे रेसिडेंट, नॉन-रेसिडेंट विचारतात. आमच्याकडे पासपोर्ट कुठला ते विचारतात.

सात_समुद्रापार

मूळचा सोलापूरचा, शिकलो इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात, सध्या अमेरिकेत. 'एलियन'बद्दल मीच लिहायला हवं, कारण माझ्या कागदांवर तो शब्द आहे.

आपल्याकडे एलियन म्हटलं की उडती तबकडी डोळ्यांपुढे येते. शब्द मात्र लॅटिनमधून आलेला, मूळ अर्थ 'दुसऱ्याचा'. अमेरिकन कायद्यात जो तिथला सिटिझन किंवा नॅशनल नाही तो एलियन. ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी, मिळालं तरी तुम्ही एलियनच, कार्डावरच्या नंबराला एलियन रजिस्ट्रेशन नंबर म्हणतात. टॅक्समध्ये आणखी दोन भाग: रेसिडेंट एलियन आणि नॉन-रेसिडेंट एलियन. शिकायला आलेला मुलगा पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा नॉन-रेसिडेंट एलियन धरला जातो, मग तो रोज तिथेच झोपत-उठत असला तरी. घरी आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिला वाईट वाटलं होतं. तिला समजावलं की हा टॅक्सचा वर्ग आहे, माणसाचं वर्णन नव्हे.

त्याहून गोंधळात टाकणारा शब्द 'इमिग्रंट'. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्याला शेजारीपाजारी, वर्तमानपत्रं, सगळे इमिग्रंट म्हणतात. कायदा त्याला 'नॉन-इमिग्रंट' म्हणतो, कारण तो व्हिसा कायम राहण्यासाठी नाही. व्हिसाचा जो डीएस-160 फॉर्म भरतो, त्याच्या नावातच नॉन-इमिग्रंट आहे. वर्षानुवर्षं राहून, घर घेऊन, मुलं तिथे शाळेत जाऊनही माणूस कायद्याने नॉन-इमिग्रंट असू शकतो. म्हणून अमेरिकन अर्जात 'आर यू अ‍ॅन इमिग्रंट?' विचारलं तर रोजच्या बोलण्याने उत्तर देऊ नका, व्हिसा बघून द्या.

'इल्लीगल एलियन' आणि 'अनडॉक्युमेंटेड इमिग्रंट' हे एकाच माणसाबद्दल बोलतात, पण कोण बोलतंय ते लगेच कळतं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2013 मध्ये आपल्या नियमांतून 'इल्लीगल इमिग्रंट' काढलं. त्यांचं म्हणणं असं की 'इल्लीगल' कृतीला म्हणा, माणसाला नको. 2021 मध्ये सरकारी यंत्रणांना 'एलियन'ऐवजी 'नॉन-सिटिझन' वापरायला सांगितलं गेलं, पुढे सरकार बदललं आणि 'एलियन' परत आलं. मला हा वाद पोकळ वाटत नाही. ज्या बातमीत आपलं नाव येऊ शकतं, तिथला शब्द कसा आहे याने फरक पडतो.

मीरा_जुळेसोलापूर

फार मोलाची माहिती दिलीत. यात भर घालते, कारण देश बदलला की त्याच शब्दाची हद्द बदलते. कॅनडाच्या कायद्यात 'फॉरेन नॅशनल' म्हणजे जो नागरिकही नाही आणि परमनंट रेसिडेंटही नाही. म्हणजे तिथे पीआर मिळाला की तुम्ही भारताचे नागरिक असूनही 'फॉरेन नॅशनल' राहत नाही. अमेरिकेत ग्रीन कार्डवालाही एलियन, हे आत्ताच वाचलं.

आणि ब्रिटनचं ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. 1981 च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी अ‍ॅक्टमध्ये कॉमनवेल्थ देशांचे नागरिक 'एलियन'च्या व्याख्येत येत नाहीत. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, म्हणून कायद्याच्या भाषेत आपला माणूस तिथे एलियन नव्हे. व्हिसा लागतो, तरीही. रीतसर तिथे राहणारा भारतीय ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीत मतदानासाठी नाव नोंदवू शकतो. फ्रान्स किंवा जर्मनीच्या नागरिकाला ते करता येत नाही. लंडनमध्ये आपली एम्बसी नसून हाय कमिशन असतं, तेही कॉमनवेल्थमुळेच.

'फॉरेन नॅशनल' आणि 'फॉरेनर' यांत आपल्या कामापुरता फरक इतकाच की पहिला कोरडा, कागदी शब्द आहे. पत्रात तोच बरा.

पूर्वभाग_मागवाला

ताई, आमचं घर पूर्व भागात. घरात तेलुगू, बाहेर मराठी, बाजारात कन्नड-उर्दू. आमचे पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले, तेव्हा तिकडे निजामाचं राज्य होतं आणि इकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा. ते कोण? इमिग्रंट, मायग्रंट, की फॉरेनर? पुतण्याला इंग्रजीत निबंध लिहायचाय सोलापूरच्या विणकरांवर, म्हणून विचारतो.

मीरा_जुळेसोलापूर

दादा, 'मायग्रंट्स' लिहायला सांगा, किंवा त्याहून छान, 'वीव्हर्स हू केम फ्रॉम तेलंगणा'. 'इमिग्रंट' म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात दुसरा देश येतो. 'फॉरेनर' तर नकोच.

इथे तीन जुळे शब्द आहेत ते पुतण्याला नीट सांगा. 'एमिग्रंट' म्हणजे सोडून गेलेला, बोलणारा मागे राहिलेल्या गावातून बघतोय. 'इमिग्रंट' म्हणजे येऊन राहिलेला, बोलणारा पोचलेल्या गावातून बघतोय. एकच माणूस करीमनगरसाठी एमिग्रंट आणि सोलापूरसाठी इमिग्रंट होऊ शकेल. 'मायग्रंट' ला दिशा नाही, फक्त हलणं आहे, आणि बरेचदा त्यात 'पुन्हा हलेल' अशी छटा असते. भारतीय इंग्रजीत तर 'मायग्रंट' म्हणजे बहुतेक वेळा देशातल्या देशात कामासाठी गेलेला. 1979 चा इंटर-स्टेट मायग्रंट वर्कमेन अ‍ॅक्ट, 2020 च्या टाळेबंदीतल्या बातम्या, बीडहून आपल्या साखर कारखान्यांवर येणारे ऊसतोड मजूर, सगळीकडे हाच शब्द. युरोपातलं वर्तमानपत्र वाचताना मात्र 'मायग्रंट' म्हणजे दुसऱ्या देशाचा, हे ध्यानात ठेवायचं.

तुमच्या चार पिढ्या इथे झाल्या. आज तुम्हाला यातला कुठलाच शब्द लागत नाही. तुम्ही 'फ्रॉम सोलापूर'.

पूर्वभाग_मागवाला

शेवटचं वाक्य पुतण्याला वाचून दाखवलं. धन्यवाद ताई.

भीमाकाठ

मघाशी मी 'एवढं बारीक कोण बघतं' म्हणालो होतो, आता मलाच विचारावंसं वाटतंय. 'एक्सपॅट' कुठे बसतो? गल्फमध्ये आमच्या तालुक्यातली पोरं आहेत, त्यांना कुणी एक्सपॅट म्हणताना ऐकलं नाही. त्यांच्या साहेबाला म्हणतात.

सात_समुद्रापार

दादा, तुम्ही नेमकं तेच बोललात. शब्दार्थाने एक्सपॅट म्हणजे स्वदेशाबाहेर राहणारा, बस. त्याच्या अर्थाचा 'पेट्रियट'शी काही संबंध नाही, काही लोक 'एक्स-पेट्रियट' लिहितात ते चूक. शब्दार्थ घेतला तर क्रेनवर काम करणारा पंढरपूरचा मुलगा आणि त्याच्या कंपनीचा इंग्रज मॅनेजर दोघेही एक्सपॅट. आखाती देशांतली वर्तमानपत्रं तसं सरसकट लिहितातही. पण युरोप-अमेरिकेतल्या वापरात हा शब्द पगार आणि पासपोर्ट बघून दिला जातो. श्रीमंत देशातून आलेला एक्सपॅट, गरीब देशातून आलेला मायग्रंट. हा अन्याय शब्दात मुरलेला आहे आणि मला तो मनापासून टोचतो. मी लिहिताना एकतर दोघांनाही एक्सपॅट म्हणतो किंवा दोघांनाही 'फॉरेन वर्कर्स'.

डॉ_सातरस्ता

दोन गोष्टी जोडतो. आम्ही डॉक्टर 'फॉरेन बॉडी' म्हणतो. मागाजवळ काम करणाऱ्यांच्या डोळ्यात सुताचा कण जातो, तो फॉरेन बॉडी. म्हणजे जिथला नाही तिथे आलेला. 'फॉरेन टू' याच अर्थाने चालतं: 'द आयडिया इज फॉरेन टू मी', कल्पना माझ्या ओळखीची नाही. 'एलियन टू' त्याहून तीव्र. 'क्रुएल्टी वॉज एलियन टू हिज नेचर' म्हणजे क्रूरपणा त्याच्या स्वभावात बसणारच नाही. आणि 'स्ट्रेंजर'चं वेगळंच. पुण्याचा माणूस सोलापुरात स्ट्रेंजर असेल, फॉरेनर नाही. रस्ता विचारल्यावर कुणी 'आय अ‍ॅम अ स्ट्रेंजर हिअर मायसेल्फ' म्हटलं तर तो एवढंच सांगतोय की मीही इथला नाही, मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची. जन्म सोलापूरचा, 1910. 1938 मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. बाकीचे परतले, ते राहिले. चिनी शिकले, बेथून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे संचालक झाले, गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच गेले, वय अवघं बत्तीस. ते चीनमध्ये कोण होते? पासपोर्टने फॉरेनर. इमिग्रंट म्हणणं जड जातं, वसायला म्हणून ते गेले नव्हते. एक्सपॅट तर मुळीच बसत नाही. चिनी लोक इंग्रजीत अशा माणसांना 'फॉरेन फ्रेंड' म्हणतात. मला तो शब्द त्यांच्यासाठी कमी वाटतो, पण त्यातलं 'फ्रेंड' खरं आहे.

मीरा_जुळेसोलापूर

डॉक्टर, त्यांच्याबद्दल मी मुलांना 'अ‍ॅन इंडियन डॉक्टर हू सर्व्ह्ड इन चायना' असं लिहायला सांगते. 'इंडियन' मध्ये तो कुठून आला हे आलं, 'सर्व्ह्ड इन' मध्ये तो तिथे का राहिला हे आलं, आणि 'परका' कुठेच म्हणावं लागलं नाही.

यावरून आठवलं, बातम्यांत 'भारतीय वंशाचे' आणि 'भारतात जन्मलेले' हे सर्रास एकच धरतात. ऋषी सुनक यांचा जन्म 1980 मध्ये साउथहॅम्प्टनचा. ते 'ऑफ इंडियन ओरिजिन', पण 'इंडियन-बॉर्न' नव्हेत. सत्या नडेला हैदराबादचे, ते इंडियन-बॉर्न. अमेरिकेच्या जनगणनेत 'फॉरेन-बॉर्न' ची व्याख्या आणखी निराळी आहे: जो जन्मतः अमेरिकन नागरिक नव्हता तो. मग अमेरिकन आईबापांच्या पोटी दिल्लीत जन्मून जन्मतःच नागरिक झालेलं बाळ तिथे 'फॉरेन-बॉर्न' धरत नाहीत.

परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक. 'व्हेअर आर यू फ्रॉम?' विचारलं तर शहराचं नाव सांगा. त्यावर 'नो, व्हेअर आर यू ओरिजिनली फ्रॉम?' आलं तर विचारणाऱ्याला पत्ता नको, वंश हवाय. माझ्या भाचीला तिकडे एका दुकानात हे विचारलं गेलं आणि तिला दिवसभर रुखरुख लागली. मराठीत दोन्ही प्रश्नांना आपण 'तुम्ही कुठले?' एवढंच म्हणतो, म्हणून तो 'ओरिजिनली' आपल्या कानांवरून निसटतो.

लॉजवाला_नवीपेठ

आमच्याकडे 'परदेशी' आडनावाची कुटुंबं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातली. पूर्वी उत्तरेतून आलेल्याला इथे परदेशी म्हणायचे, ते आडनाव होऊन बसलं. रजिस्टरमध्ये हे नाव बघून नवा पोरगा पासपोर्ट मागायला लागला, तेव्हा त्याला थांबवलं आणि पाहुण्यांना आधी खोलीची किल्ली दिली.

अक्कलकोटरोड

सगळ्यांचे आभार. शेठना हा धागा वाचून दाखवला. बॅनर असा ठरला: 'अ वॉर्म वेलकम टू अवर गेस्ट्स फ्रॉम दुबई, लंडन अँड काठमांडू'. भाषणात 'अवर इंटरनॅशनल गेस्ट्स' एकदाच, मग नावानेच.

आता फक्त पत्र. दुबईवाल्याचं वर्णन एका ओळीत कसं करू?

लॉजवाला_नवीपेठ

'जर्मन नॅशनल, रेसिडेंट ऑफ द यूएई', पुढे पासपोर्ट नंबर, तो कुठे आणि कधी दिला, मुदत कधी संपते. आईवडील कुठले हे तुमच्या पत्रात घालू नका, व्हिसाच्या अर्जात जे विचारलंय ते तो स्वतः भरेल. नाव पासपोर्टवर आहे तसंच, एक अक्षर इकडेतिकडे नको.

मीरा_जुळेसोलापूर

आणि 'फॉरेनर' ऐवजी 'बिझनेस व्हिजिटर' लिहा. तो काय कामाला येतोय हे अधिकाऱ्याला तिथेच कळेल. मसुदा तयार झाला की इथे टाका, बघून देते.